सायकल घेऊन पहिल्यांदा पणजीला: तयारी शेवटाकडून सुरू करा

मुंबईहून स्वतःची सायकल घेऊन गोव्याला जाणारे बरेच जण एकाच ठिकाणी चुकतात. आधी रेल्वेचं तिकीट काढतात, मग मिळेल ती खोली घेतात आणि सायकलीचं काय करायचं हे निघायच्या आदल्या रात्री बघतात. परिणाम ठरलेला असतो. माणूस करमळीला उतरतो, सायकल मडगावला पोचते आणि खोली निघते अल्तिन्योच्या चढावर, दुसऱ्या मजल्यावर.

म्हणून क्रम उलटा करा. सायकल रात्री कुठे उभी राहणार, हे सगळ्यात आधी ठरवा. मग ती कुठे उतरणार, मग कोणत्या गाडीनं जाणार, मग ती बांधायची कशी. खाली पणजीचं उदाहरण घेतलं आहे, पण कोणत्याही अनोळखी शहरासाठी हाच क्रम वापरा.

## टप्पा १: सायकलीची रात्रीची जागा

खोली ठरवताना फोनवर तीन प्रश्न विचारायचे. सायकल आत ठेवता येईल का? खोली तळमजल्यावर आहे का, नसेल तर जिना किती रुंद आहे? आणि पहाटे साडेपाचला बाहेर पडायचं असेल तर दार कोण उघडणार?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. पणजीत सायकल चालवण्याची खरी वेळ पहाट आहे. फाटकाला कुलूप आणि चावीवाला झोपलेला असेल, तर सहलीतले सगळ्यात चांगले दोन तास दाराशी उभं राहण्यात जातात.

‘पार्किंग आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका. त्याचा अर्थ बहुतेक वेळा घरासमोरची रस्त्याकडेची जागा एवढाच असतो. ‘सायकल रात्री छपराखाली आणि कुलपाच्या आत राहील का?’ असं स्पष्ट विचारा.

भाग निवडताना चढ बघा. फॉन्तेन्याशमधली जुनी घरं सुरेख आहेत, पण कित्येकांचे लाकडी जिने अरुंद आहेत. तिथे राहायचं तर तळमजला किंवा आतलं अंगण असलेलं घर शोधा. अल्तिन्यो ही शहराच्या मधोमध असलेली टेकडी. तिथे राहिलात तर रोजची प्रत्येक फेरी चढावरच संपणार. कांपाल आणि मिरामारचा पट्टा सपाट आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला मी तोच सुचवेन.

## टप्पा २: स्टेशन आणि गाडी

पणजी शहरात रेल्वे स्टेशन नाही. सगळ्यात जवळचं करमळी, जुन्या गोव्याच्या बाजूला, साधारण ११-१२ किलोमीटरवर. उत्तरेला थिवी आहे, सुमारे २० किलोमीटरवर. दक्षिणेला मडगाव, तीस किलोमीटरहून थोडं जास्त. नकाशावर करमळी सोयीचं दिसतं आणि इथेच घोटाळा होतो.

सायकल तुमच्या डब्यात नसते, ती ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात असते. मधल्या स्टेशनवर गाडी मोजकी मिनिटं थांबते. तेवढ्यात ब्रेकव्हॅन उघडून, वरचं सामान बाजूला सारून तुमची सायकल काढायची असते. तुमच्यानंतर चढवलेल्या पेट्यांमागे ती अडकली असेल तर ती तशीच पुढे जाते. माझी एकदा गेली आहे. कोकणातल्याच एका छोट्या स्टेशनवर मी फलाटावर उभा होतो आणि सायकल माझ्या डोळ्यांदेखत पुढे गेली. ती परत मिळायला दीड दिवस लागला.

म्हणून नियम सोपा ठेवा: गाडी जिथून सुटते तिथे सायकल चढवा आणि गाडी जिथे संपते तिथे उतरवा. कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही गाड्या सीएसएमटीहून सुटतात आणि मडगावला संपतात. तुम्हीही मडगावपर्यंतचंच तिकीट काढा. कोकणकन्या रात्री सुटून दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मडगावला पोचते, त्यामुळे सायकल ताब्यात घ्यायला उजेडाचे तास हाताशी राहतात. मांडवी संध्याकाळी पोचते. अनोळखी ठिकाणी अंधारात सायकल जोडत बसण्याची वेळ येऊ नये म्हणून मी ती टाळतो.

पुणेकरांसाठी एक गोष्ट. गोवा एक्स्प्रेस पुण्याहून जाते, पण पुणं तिच्यासाठी मधलं स्टेशन आहे आणि ती संपते वास्कोला. म्हणजे चढवतानाची जोखीम आलीच. त्यापेक्षा सायकल मुंबईला आणून कोकणकन्येत चढवणं त्रासाचं असलं तरी खात्रीचं आहे.

तपासा: पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू धावतात. जून ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर चालू वर्षाच्या वेळा बघूनच पुढचं ठरवा.

तारखाही बघून घ्या. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत चित्रपट महोत्सव असतो आणि कांपालचा रस्ता भरलेला असतो. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना चालते, त्यामुळे पहाटेपासूनच तिकडे गर्दी लागते. कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुकीच्या दिवशी शहरातले रस्ते बंद होतात. पहिल्या भेटीला या तारखा नकोत.

## टप्पा ३: आठवडाभर आधीची सायकल

आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नका. नवी केबल दोन-तीन फेऱ्यांत थोडी ताणली जाते आणि गिअर बिघडतात. आठवडाभर आधी काम करून घ्या, नंतर दोनदा चालवून बघा.

सोबत काय न्यायचं हे तिथे काय मिळणार नाही यावर ठरतं. सगळ्यात मोठी अडचण व्हॉल्व्हची. तुमच्या चाकांना बारीक, वर फिरकीचं टोक असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर साध्या सायकल दुकानात ती ट्यूब मिळेल असं धरून चालू नका, आणि पेट्रोल पंपावरची हवेची नळीही त्याला बसत नाही. तेव्हा दोन ट्यूब, पितळी अडॅप्टर आणि हातपंप सोबत हवेतच. दुसरी वस्तू म्हणजे मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि ब्रेकव्हॅनमध्ये सायकल आडवी पडली की आधी तोच वाकतो. तुमच्या मॉडेलचा एक जास्तीचा हँगर पिशवीत ठेवा.

बाकी अ‍ॅलन कीचा संच, १५ चा पाना, पंक्चरचं साहित्य, चेनची जोडकडी, जुनं कापड आणि तेलाची छोटी बाटली. एवढं पुरे.

## टप्पा ४: बांधणी

रेल्वेसाठी सायकल पूर्ण सुटी करायची गरज नाही. हमाल ती ढकलत नेतात, त्यामुळे चाकं फिरायलाच हवीत. काय काय करायचं ते क्रमानं सांगतो.

सीटच्या दांडीवर सध्याच्या उंचीला चिकटपट्टीची खूण करा. पॅडल काढा. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, हे विसरून जोर लावला की आटे जातात. लक्षात ठेवायची सोपी युक्ती: पाना पॅडलवर उभा लावा आणि मागच्या चाकाच्या दिशेनं फिरवा. दोन्ही बाजूंना याच दिशेनं पॅडल सैल होतं. मग चेन मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर आणा, म्हणजे डिरेलर आतल्या बाजूला सरकतो आणि धक्का कमी बसतो. त्याच्याभोवती पुठ्ठा गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधा.

दिवा, मीटर, बाटली, पंप, सीटखालची पिशवी असं हातानं निघणारं सगळं काढून स्वतःजवळ ठेवा. शेवटी फ्रेमला गोणपाट गुंडाळा. मोठ्या स्टेशनांवर पार्सल ऑफिसच्या बाहेर गोणपाट शिवून देणारे असतात, पण डिरेलरचा पुठ्ठा तुम्हीच घरून बांधून न्या. ते काम दुसरा कुणी तुमच्याइतक्या काळजीनं करणार नाही.

इशारा: चाकाला कुलूप लावू नका. कुलूप लावलेली सायकल ढकलता येत नाही, मग ती उचलून टाकली जाते.

इशारा: घडीची सायकल डब्यात नेण्याचा विचार असेल तर आधी मोजा. डब्यात नेण्याच्या पेटीची कमाल मापं १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहेत, आणि थ्री टिअर एसीत त्याहून बरीच लहान. घडी घातलेल्या बहुतेक सायकली जाडीत यापेक्षा मोठ्या होतात. तिकीट तपासनीस चालवून घेईल या भरवशावर निघू नका.

## टप्पा ५: बुकिंगचा दिवस

नियमानं सामान गाडी सुटायच्या निदान अर्धा तास आधी ऑफिसात पोचायला हवं. सायकलीसाठी तुम्ही अडीच ते तीन तास आधी जा. अर्ज, वजन, पैसे, खुणा आणि ब्रेकव्हॅनपर्यंतची वाट यात वेळ जातो आणि तो तुमच्या हातात नसतो.

खिडकीवर पहिलं वाक्य नीट बोला: ‘लगेजमध्ये बुक करायची आहे, मी याच गाडीनं जातोय.’ लगेज म्हणजे प्रवाशाबरोबर त्याच गाडीनं जाणारं सामान. नुसतं ‘सायकल पाठवायची आहे’ म्हणालात तर ती पार्सल म्हणून नोंदली जाऊ शकते, आणि पार्सल तुमच्याच गाडीनं येईल याची खात्री नसते. हाच या सगळ्या प्रक्रियेतला सर्वाधिक वेळा होणारा घोळ आहे.

तिकिटाची छापील प्रत, तिची झेरॉक्स आणि आधार कार्डाची झेरॉक्स जवळ ठेवा. प्रवाशाला जी सामानाची मोफत सवलत असते ती सायकलीला लागू होत नाही. पूर्ण शुल्क भरावं लागतं, त्यावर वाद घालू नका.

अर्जात किंमत लिहायचा रकाना असतो. जादा शुल्क भरून जास्त किंमत जाहीर केली नसेल तर लगेज हरवल्यास रेल्वेची जबाबदारी किलोमागे १०० रुपयांपर्यंतच असते. बारा किलोच्या सायकलीला किती मिळतील याचा हिशेब तिथेच करा. सायकल महाग असेल तर ते शुल्क भरा.

पुठ्ठ्याची दोन लेबलं घरूनच तयार करून न्या. त्यावर नाव, मोबाइल नंबर, पीएनआर, गाडीचा क्रमांक आणि ‘सीएसएमटी ते मडगाव’ ठळक अक्षरांत. एक हँडलला आणि दुसरं फ्रेमला, तारेनं बांधा. सुतळी तुटते.

पावती मिळाली म्हणजे काम संपलं असं समजून डब्यात जाऊन बसू नका. सायकल प्रत्यक्ष चढताना बघा. ब्रेकव्हॅन गाडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला असतात. कोणत्या टोकाला चढवली ते लिहून ठेवा आणि चढवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. हमालांशी नीट बोला. ‘दादा, हा भाग नाजूक आहे, ही बाजू वर ठेवा ना’ एवढं सांगितलं तरी सायकल वेगळ्या हातांनी उचलली जाते.

तपासा: पावतीवर गाडीचा क्रमांक, ‘मडगाव’ हे स्टेशन आणि नगांची संख्या बरोबर आहे ना? खिडकी सोडायच्या आधी वाचा.

## टप्पा ६: मडगावला ताबा

गाडी थांबली की थेट त्या टोकाला जा. सायकल उतरताना दिसली तरी ओढून घेऊन निघू नका. पावती पार्सल ऑफिसात द्यायची, सही करायची, मगच ताबा. ठरलेल्या मुदतीपेक्षा उशीर झाला तर जागेचं भाडं लागतं.

बाहेर निघण्याआधी तिथेच गोणपाट उतरवा आणि फोटोशी ताडून बघा. काही मोडलं असेल तर ते त्याच वेळी लेखी नोंदवा. सही करून बाहेर पडल्यावर तक्रारीला वजन राहत नाही.

आता पणजीकडे. दुपार होत आलेली, रात्रीची झोप अर्धवट, आणि समोर राष्ट्रीय महामार्ग ६६ वरचे तीस-बत्तीस किलोमीटर, ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्यांसह. हे अंतर सायकलवर करू नका. छोटा पिकअप टेम्पो ठरवा आणि सायकल उभी बांधून न्या. पहिल्याच दिवशी किलोमीटर मोजायची हौस असते, ती मला कळते. पण नुकतीच ब्रेकव्हॅनमधून आलेली, तपासणी न झालेली सायकल महामार्गावर घालणं धोक्याचं आहे.

## टप्पा ७: जोडणी आणि तपासणी

खोलीवर पोचल्यावर आधी जेवा, मग जोडणी. पॅडलच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन फेरे हातानंच फिरवा. सीट खुणेवर आणा. मागचं चाक उचलून सगळे गिअर फिरवा. सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर डिरेलर चाकाच्या तारांना लागत असेल तर हँगर वाकलाय. तसा चालवलात तर डिरेलर तारांत अडकून दोन्ही मोडतील. ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हँडल खटखटतंय का बघा.

दुकानाची गरज पडली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोव्यात दुपारची विश्रांती गांभीर्यानं घेतली जाते. एकच्या सुमारास बरीच दुकानं बंद होतात आणि साडेतीन-चारनंतर उघडतात. रविवारी पुष्कळशी उघडतच नाहीत. त्यामुळे शनिवारी दुपारी पोचून जोडणी रविवारवर ढकलू नका.

## टप्पा ८: पहिल्या संध्याकाळी फक्त ओळख

पहिली फेरी पाच-सहा किलोमीटरचीच. दयानंद बांदोडकर मार्गानं कांपालवरून मिरामार आणि परत. सपाट रस्ता, एका बाजूला मांडवी नदी. हेतू एवढाच की ब्रेक-गिअर कळावेत आणि इथली वाहतूक कशी वागते ते दिसावं. खासगी बस प्रवासी दिसला की डावीकडे झटकन घुसतात. बसच्या डाव्या अंगानं कधीही पुढे जायचं नाही. भाड्याच्या स्कूटरवरच्या पर्यटकांनाही रस्ता तुमच्याइतकाच नवा असतो, त्यांच्यापासून अंतर ठेवा.

अंधार पडायच्या आत परता. रात्री कॅसिनोच्या धक्क्यांसमोर गाड्यांची रांग लागते आणि गाड्यांची दारं अचानक उघडतात.

मिरामारच्या वाळूत सायकल घालू नका. फोटो छान येतो, पण खारी वाळू चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये शिरते. फॉन्तेन्याश आणि मळा हा भाग पायी बघा. गल्ल्या अरुंद, वळणं आंधळी, आणि तिथे माणसं राहतात.

वाट विचारायची तर पायलटांना विचारा. पिवळ्या-काळ्या मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्यांना गोव्यात पायलट म्हणतात. एकेरी रस्ते, खोदकामं आणि आडवाटा त्यांना पाठ असतात. मराठी बहुतेकांना कळतं. ‘भाऊ, फेरी खंय?’ (फेरीबोट कुठे?) एवढी कोंकणी जमली तर उत्तर आणखी आपुलकीनं येतं. त्या उत्तरातले दोन शब्द ओळखायला शिका: ‘वयर’ म्हणजे वर आणि ‘सकयल’ म्हणजे खाली. पुढे चढ आहे की उतार, हे त्यातून आधीच कळतं.

## टप्पा ९: पहिली खरी फेरी, दिवाडी बेट

अंतर २५-३० किलोमीटर, वेळ पहाटे सहा ते साडेनऊ. नंतर दमटपणा असा वाढतो की सपाट रस्ताही चढासारखा लागतो.

पणजीच्या पाटो भागाकडून रायबंदरचा बांधरस्ता धरा. सुमारे तीन किलोमीटरचा हा रस्ता दोन्ही बाजूंना पाणी आणि खाजण (खाऱ्या पाण्याकाठची सखल जमीन) घेऊन सरळ जातो. तो अरुंद आहे आणि त्यावर बस धावतात, म्हणून तो पहाटेच पार करायचा. फोटोसाठी मध्येच थांबू नका, रायबंदरला पोचून थांबा. या वेळी सायकलवर पाव घेऊन फिरणारा पोदेर दिसेल, त्याचा पोंगा (भोंगा) आधी ऐकू येईल. तो ज्या गल्लीतून जातो ती सायकलीला ठीक असते. आणि तिथली कुत्री सायकलीला सरावलेली असतात, हा त्यातला मोठा फायदा. इतरत्र कुत्रं मागे लागलं तर पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली गेलं की फेरीबोटीचा धक्का येतो. साध्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्यांना तिकीट नसतं. तिथली शिस्त मात्र पाळायची. धक्क्याच्या उताराआधी सायकलवरून उतरा. बोटीवरची वाहनं पूर्ण बाहेर येऊ द्या. मोटारी चढल्या की मग कडेनं जाऊन कठड्यालगत ब्रेक दाबून उभे राहा.

इशारा: धक्क्याचा खालचा भाग ओहोटीला उघडा पडतो आणि शेवाळानं निसरडा असतो. पॅडलला अडकणारे क्लीटचे बूट असतील तर ते हातात घ्या, साध्या चपला घाला.

दिवाडीवर उतरल्यावर पिएदादच्या चर्चची टेकडी सोडली तर रस्ता जवळजवळ सपाट आहे. परतताना त्याच धक्क्यावर न येता सां पेद्रूच्या फेरीबोटीनं या, म्हणजे जुन्या गोव्याची वाढती गर्दी टळते. बेटावर निघण्यापूर्वी दोन्ही धक्क्यांवरच्या फेरीबोटींची वेळ तिथल्याच माणसाला विचारून घ्या.

मांडवी ओलांडून उत्तरेला बार्देश तालुक्यात जायचं झालं तर पणजी-बेती फेरीबोट घ्या. नदीवरच्या तीन पुलांपैकी सगळ्यात उंच अटल सेतूवर दुचाकींना मनाई आहे. फोनवरचा नकाशा मोटारीच्या मार्गावर ठेवलेला असेल तर तो तुम्हाला थेट त्या सेतूकडेच नेईल.

## टप्पा १०: परतीची तयारी

परतीचं बुकिंग मडगावहून, तेही गाडी जिथून सुटते त्याच स्टेशनवरून, म्हणून सोपं आहे. पण आदल्या दिवशी पार्सल ऑफिसला विचारून खिडकी किती वाजता उघडते ते समजून घ्या. गोणपाट आणि तार जपून ठेवली असेल तर अर्धं काम झालंच.

बांधण्याआधी सायकल गोड्या पाण्यानं हलक्या धारेनं धुवा, बेअरिंगवर जोराचा फवारा नको. कोरड्या कापडानं पुसा, चेनला तेल द्या, आणि मगच गोणपाट चढवा. खारी हवा लागलेली ओली चेन एका रात्रीत गोणपाटाखाली गंजते.

घरी पोचल्यावर हँगर, ब्रेक आणि हँडल पुन्हा तपासा. आणि सीटच्या दांडीवरची ती चिकटपट्टी काढू नका, पुढच्या वेळी लागेल.